लाल गाडीचा कान

सुकदेवनाना इंजिन दातांनी ऐकत असत. हे वाचून हसू आलं तर हसून घ्या, मीही आधी हसलोच होतो. लाकडी मुठीचा, हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याकडे होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि मिनिटभर वाकून उभं राहायचं. मग मूठ तोंडातून काढून पायजम्याला पुसत ते आपल्या अहिराणीत सांगायचे, "तिसरा उपाशी शे." म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय. उघडून पाहिलं की तिसराच उपाशी निघायचा. बाकीचे मिस्त्री असा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावतात. नाना तो दातांत का धरतात, हे मला फार पुढे समजलं, आणि समजल्यावर माझं हसणं थांबलं.

धुळ्यात आग्रा रोडवर, गावाबाहेर पडता पडता एका लिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. वर पत्रे, समोर हायवे, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली पाने मापाप्रमाणे ओळीने टांगलेले. मी तेव्हा धुळ्याच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला नुकताच लागलो होतो. जळगावचा मुलगा, हातात पदवी, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं याबद्दल मनात शंका नव्हती. माझी स्कूटर चढावर दम सोडायची. मी पुस्तक समोर ठेवून तिचा कार्बोरेटर दोनदा खोलला, दोनदा लावला आणि शेवटी ती ढकलत नानांकडे नेली. त्यांनी माझी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही हिले खोलं दोनदा. पन आयकं का एकदा तरी?" मला राग आला. दहा मिनिटांनी स्कूटर सुरळीत चालू लागली तेव्हा तर जास्तच आला.

"पहिले आयक, मंग खोल," हा त्यांचा पहिला धडा. दुसरा, "घाईना पाना नट गोल करस." आणि तिसरा ते गिऱ्हाइकासमोरच, अगदी गोड चेहऱ्याने सांगत, "गाडी खोटं बोलत नही, मालक बोलतस." एखादा शेठ म्हणायचा की गाडी मी नेहमी सावकाश चालवतो. नाना मान डोलवायचे, क्लचची झिजलेली प्लेट काढून त्याच्या हातात द्यायचे आणि चहा मागवायचे.

हे ऐकणं ते कुठे शिकले, ते त्यांनी एकदाच सांगितलं. ते भडगावकडचे. ऐन विशीत जळगावला एका गॅरेजात कामाला लागले. तिथल्या बड्या गिऱ्हाइकांच्या मोटारींना त्यांनी हात लावलेला मालकाला चालत नसे. कारण जातीचं होतं आणि ते उघड सांगितलं जाई. त्यांनी लांब उभं राहून पाने पुसायचे. ते उभे राहिले, आणि लांबूनच प्रत्येक इंजिनाचा आवाज ऐकत गेले. कुठली गाडी कशी कण्हते आणि काय केल्यावर थांबते, हे त्यांनी चार वर्षं नुसतं कानांत साठवलं. "हात लावाले बंदी व्हती," नाना म्हणाले, "कान लावाले कोन अडावस?" हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. माझ्या आवाजात मात्र तो अजून येतो.

त्यांच्या सगळ्या गाड्यांत मानाची गाडी म्हणजे दोंडाईच्याची लाल गाडी. दोन माणसांपुरती, बुटकी, उघड्या टपाची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. दोंडाईच्यातल्या एका डॉक्टरांनी ती तरुणपणी मुंबईत हौसेने घेतली होती. त्यांच्या पत्नीही डॉक्टर, सगळ्या गावाच्या अक्का. डॉक्टर आजारी पडले तेव्हा त्यांनी नानांना बोलावून घेतलं आणि माझ्यामागे हिला बंद पडू देऊ नका एवढंच मागितलं. नाना हो म्हणाले. त्यांच्या लेखी ते हो म्हणजे शिलालेख होता.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी अगदी सारखी हवा ओढायला हवी, नाहीतर ती लंगडायची. नाना रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोघांचा फूत्कार जुळवायचे. धुळ्यात, जळगावात हे दुसऱ्या कुणाला साधत नव्हतं. आणि तरी उन्हाळ्यात ती दगा द्यायचीच. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन असं, की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि सोनगीरच्या पुढे कुठेतरी गाडी मुकाट्याने उभी राहायची. त्यावर नानांचा उपाय म्हणजे डिकीत एक पंचा आणि पाण्याची बाटली. पंचा भिजवायचा, पंपाला गुंडाळायचा, पाच मिनिटं थांबायचं. डॉक्टर गेल्यावर अक्का दर रविवारी तीच गाडी चालवत औषधं न्यायला धुळ्याला येत आणि परत पोचल्या की गॅरेजशेजारच्या टायरवाल्याकडे फोन करत. निरोप एवढाच असायचा, "फडकं दोनदा भिजवलं." कधी तीनदा. तो आकडा कळेपर्यंत नाना जेवायला बसत नसत.

एका दुपारी मी गॅरेजात शिरत होतो. नाना हायवेच्या कडेला पाठमोरे उभे राहून एका ट्रकवाल्याशी बोलत होते आणि दुसरा एक ट्रक रिव्हर्स घेत त्यांच्या पाठीशी येत होता. त्याने हॉर्न दाबला, क्लीनर ओरडला, मी ओरडलो. नाना हलले नाहीत. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा त्यांनी वळून ट्रककडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, चोरी पकडली गेल्यासारखा भाव होता. आत जाऊन बसल्यावर म्हणाले, "मास्तर, डावा बठ्ठा गया. उजवा थोडा शे, तो बी चालना." डावा कान पुरता गेला होता, उजवाही जाण्याच्या वाटेवर होता, आणि कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबणारं नाही. हवेतला आवाज पोचत नव्हता, पण हाडातून अजून पोचत होता. म्हणून दात. गेली तीन वर्षं ते सगळ्या गावासमोर दातांनी कारभार चालवत होते आणि आम्ही त्याला लकब समजत होतो.

"कोनले सांगू नका," ते म्हणाले. "कानना धंदा शे मना." मी शब्द दिला. पण त्यांना काळजी धंद्याची नव्हती, हे पुढच्याच वाक्यात कळलं. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दातांनी ठोके कळतात, पण कार्बोरेटरचा फूत्कार हवेतला, तो दातांना कसा कळणार? लाल गाडीचे दोन कार्बोरेटर ते आता नुसत्या अंदाजाने जुळवत होते. सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, तेही जमणार नव्हतं. मग डॉक्टरांना दिलेल्या शब्दाचं काय?

त्याच सुमारास कारखान्यातून पेट्रोल इंजेक्शनच्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्यांना कार्बोरेटरच नसे. किती हवा आत जातेय, इंजिन किती तापलंय, किती वेगाने फिरतंय हे मोजणारे सेन्सर आणि त्यावरून प्रत्येक सिलिंडरला बारीक फवाऱ्याने पेट्रोल मोजून देणारा एक कॉम्प्युटर, डब्यात बंद. मी हे वर्गात शिकवत होतो, अर्थात पुस्तकातून. अशी एक कोरी गाडी हायवेवर ट्रकखाली सापडून चेंदामेंदा झाली आणि क्रेनने नानांच्या दारात आणून टाकली. नाना तिच्याभोवती आठवडाभर फिरले. मग मला बोलावून त्यांनी तो डबा कशासाठी, हा फवारा कशासाठी, असं एकेक विचारलं. मी फळ्यावर शिकवतो तसं शिकवलं, उजव्या बाजूला बसून, मोठ्याने. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "माले तिनामा कान बसाडना शे, मास्तर." तिच्यात म्हणजे लाल गाडीत, आणि कान म्हणजे हा डबा.

मी त्यांना वेड्यात काढलं. चाळीस वर्षांची इंग्लिश गाडी, तिच्यात कालपरवाचा कॉम्प्युटर? मुंबईचा एक शौकीन ती विकत मागत होता, तो तर मूळ एक स्क्रूही बदलला तर गाडी बाद समजायचा. हे सगळं मी अक्कांच्या समोर बोललो. अक्का ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "नाना, तुम्हाला काय वाटतं?" नानांनी प्रथमच त्यांना कानांचं सांगितलं, अगदी सरळ. मग म्हणाले की आपण चार दिवसांचे, उद्या कुणी नवखा मिस्त्री असला तरी हिने चालायला पाहिजे. जुने कार्बोरेटर तेल लावून, कापडात बांधून देतो, कुणी जाणकार भेटला तर ते परत "लावी लेज्यात." अक्कांनी दुसऱ्याच दिवशी ती मोडकी गाडी मोडीच्या भावात विकत घेऊन टाकली. मी मदतीला राहिलो, थोडा नानांसाठी आणि बराचसा आपल्याशिवाय यांचं होणार नाही या घमेंडीत.

पुढचे पाच महिने मी जे पाहिलं ते कुठल्या तंत्रनिकेतनात दिसणार नाही. सुरुवातीला नानांनी लाल गाडीला हातच लावला नाही. त्यांनी गॅरेजात एक खाट टाकली आणि मोडक्या गाडीतला पंप, नळ्या, फवारे, सेन्सर, डबा असं सगळं त्या खाटेवर मांडलं, आजारी माणसाला निजवतात तसं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी माझ्या आकृतीतल्या तारांना क्रमांक दिले, त्यांनी त्याच तारांना रंगीत दोरे बांधले. पुढे चूक शोधायची वेळ आली की माझे क्रमांक मला सापडायचे नाहीत आणि त्यांचे दोरे लगेच सापडायचे.

चारही फवारे सारखं पेट्रोल देतात की नाही, हे कसं बघावं यावर मी एक सर्किट करायला घेतलं होतं. नाना दोंडाईच्याला जाऊन अक्कांच्या दवाखान्यातून सलाइनच्या चार रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन आले. त्यांच्यावर मापाच्या रेघा असतातच. चार फवारे चार बाटल्यांत सोडले, मिनिटभर पंप चालवला आणि बाटल्या उन्हात धरल्या. दुसरीत बोटभर कमी होतं. तो फवारा त्यांनी तीन दिवस धुतला. पाचव्या वेळी चारी बाटल्या एका रेघेवर आल्या. जे काम ते आयुष्यभर कानांनी करत आले, ते आता डोळ्यांनी करत होते आणि कुरकुर म्हणून नव्हती. माझं सर्किट अजून माझ्या कपाटात अर्धवट पडलेलं आहे.

मग लेथवर नवी नळकांडी कातून घेतली, फवारे बसवायला जागा केली, इंजिनाच्या पुलीवर मोडक्या गाडीचं वेग मोजायचं दातेरी चाक बसवलं, टाकीकडे पेट्रोल परत नेणारी दुसरी नळी टाकली. पेट्रोल सतत फिरतं राहिलं की तापत नाही, वाफ होत नाही, हे नानांना माझ्याआधी उमगलं. शेवटी तारा जोडायचं काम उरलं. ते माझं. नानांनी वायरिंगला कधी हात लावला नव्हता, ते काम ते नेहमी दुसऱ्याकडे सोपवत.

तो रविवार होता, अक्का आल्या होत्या. मी डब्याची एक तार गाडीच्या लोखंडाला कसली, दुसरी बॅटरीला जोडली आणि अक्कांना किल्ली फिरवायला सांगितलं. आवाज काहीच झाला नाही. नानांनाच आधी वास आला. त्यांनी झेप घेऊन बॅटरीची तार उपसली, तोवर डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली होती.

आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू लोखंडाला जोडलेली असते. जुन्या इंग्लिश गाड्यांत बरोबर उलटं असे, धन बाजू लोखंडाला. खाटेवर सगळं चाललं, कारण तिथे बॅटरी मी माझ्या सवयीने जोडली होती. गाडीत मी डब्याला उलटी वीज दिली. ही गोष्ट नानांना वीस वर्षं माहीत होती. मास्तरांना माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि विजेतलं मिस्त्रीला काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नव्हतं. तसा डबा सगळ्या खानदेशात दुसरा नव्हता.

अक्कांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडणार, तोच नाना हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले, "अक्का, मना हात चुकना." अक्कांनी मान हलवली. आणि मी गप्प राहिलो. तंत्रनिकेतनातला अधिव्याख्याता, मूग गिळून उभा राहिलो. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते आणि ती वाटायलाच हवी.

संध्याकाळी डबा घेऊन निघताना मी त्यांना विचारलं की तुम्ही असं का म्हणालात. ते म्हणाले, "तुम्ही इचारं नही, मी सांगं नही. आपन दोन्ही चुकनूत." मग म्हणाले की तुम्हाला अजून नोकरी करायची आहे, माझं काय, माझं तर दुकान बंदच होतंय. मी डबा घरी नेला. उघडण्याआधी, आयुष्यात प्रथमच, नुसता बघत बसलो, तासभर. पहिले आयक, मंग खोल. आतला एक डायोड स्वतः जळून बाकीच्यांना वाचवून गेला होता, सोबत एक तांब्याची पट्टी करपली होती. नवा डायोड मुंबईहून मागवला, पट्टीच्या जागी केसाएवढी तार सोल्डरने डाखली. तीन आठवडे गेले. नानांनी एकदाही झालं का असं विचारलं नाही.

या वेळी बॅटरी फिरवून गाडीचं लोखंड ऋण करून घेतलं आणि प्रत्येक तार मी नानांना विचारून जोडली. अक्कांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चोक नाही, खोकला नाही. नानांनी आधी इंजिनाकडे पाहिलंच नाही. त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, तिथे त्यांना आवाज दिसला असावा. मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच होते. "चारी बराबर शेतस," ते म्हणाले, आणि हसत हसत पुढे, "मनं आते काम नही."

त्या दुपारी अक्का भर उन्हात निघाल्या. नानांनी डिकीत पंचा आणि पाण्याची बाटली ठेवलीच. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणे, तुमचा डबा भारी शे, पण असू द्या. संध्याकाळी टायरवाल्याकडे फोन आला. त्याने पाटीवर खडूने लिहून नानांना दाखवलं, फडकं कोरडं. नाना ती पाटी घेऊन लिंबाखाली बसून राहिले, टायरवाला ती परत मागायला येईपर्यंत.

त्यानंतर नानांनी आपले कान गेल्याचं स्वतःच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. ट्रकवाले ऐकून घेत आणि गाडी तिथेच लावत, कारण दात शाबूत होते. दोन वर्षं असं चाललं. मग एका वैशाखात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, नाना गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अक्का लाल गाडी घेऊनच आल्या. सत्तरी उलटलेली बाई, डोक्याला पदर गुंडाळून, दोंडाईच्याहून भर दुपारची एकटी. कार्यक्रम झाल्यावर लिंबाखाली मी त्यांना सांगितलं की तो डबा मी जाळला होता, नानांनी नाही. त्या म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. नानांनी कधी वायरला हात लावलाय का? आणि खोटं बोलताना ते पान्याकडे बघायचे." मग म्हणाल्या, "निघण्याआधी गाडी एकदा ऐकून देता का? दरवेळी ते ऐकायचे."

नानांच्या पत्नी आत जाऊन तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या. लाकडी मुठीवर दातांचे खोल खळगे पडले होते. टोक इंजिनावर टेकवून मी मूठ तोंडात धरली तेव्हा माझे दात त्या खळग्यांत बसले. डोळे मिटले. आधी काही कळेना, मग एकेक ठोका कवटीत वाजायला लागला, एक, दोन, तीन, चार, सारखे. माझ्या घरात कुणी अहिराणी बोलत नाही, मीही कधी बोललो नव्हतो.

"चारी बराबर शेतस, अक्का," मी म्हणालो.

त्या निघाल्या. मी टायरवाल्याच्या दुकानात फोनजवळ बसून राहिलो, जेवलो नाही. दिवेलागणीच्या आधी फोन वाजला.

"पोचले," अक्का म्हणाल्या. "फडकं कोरडं आहे."